न्यायाविषयीची प्रवचनमाला : एक अभिप्राय

पश्चात्ताप नाकारणाऱ्यांचा देव जो न्याय करतो त्याविषयी बोलताना पुष्कळ वक्ते एकतर श्रोत्यांना नुसते भेदरवतात किंवा विषयालाच बगल देतात. ही ध्वनिमुद्रित प्रवचनमाला बऱ्याच अंशी दोन्ही टाळते, म्हणून ती मला मोलाची वाटते.

बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायावरचा भाग सर्वांत सकस आहे. यरुशलेममधील शिलोहा येथील बुरूज कोसळून मेलेली १८ माणसे इतरांहून अधिक अपराधी होती काय, असा प्रश्न येशू स्वतःच उभा करतो, 'नाही' म्हणतो आणि लगेच ऐकणाऱ्यांनाच बजावतो की पश्चात्ताप न केल्यास तुमचाही नाश होईल. दुसऱ्याच्या आपत्तीवरून त्याच्या पापाचा हिशेब मांडण्याची सवय या वचनाने कशी मोडीत निघते, हे वक्ते जराही घाई न करता उलगडतात. पुढच्याच दाखल्यात तीन वर्षे फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडासाठी माळी आणखी एका वर्षाची मुदत मागतो. त्या मुदतीत दया आणि इशारा एकत्रच आहेत, हे त्यांचे विवेचन मला पूर्ण पटले. त्या वर्षानंतर काय झाले ते दाखला सांगत नाही, याकडेही त्यांनी लक्ष वेधायला हवे होते. प्रेषित पौलाच्या रोमकरांस पत्राचा दुसरा अध्याय येथे चपखल जोडला आहे : पश्चात्तापाकडे नेणारी देवाची ममता तुच्छ मानणारा मनुष्य आपल्या हट्टाने स्वतःसाठीच क्रोध साठवत असतो.

शेवटचे प्रवचन मात्र या उंचीला पोहोचत नाही. बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या २०व्या अध्यायातील मोठे पांढरे राजासन, उघडलेली पुस्तके आणि प्रत्येकाचा त्याच्या कृत्यांप्रमाणे होणारा न्याय यांपेक्षा दोषी ठरलेल्यांना जेथे टाकले जाते त्या अग्नीच्या सरोवराच्या वर्णनावरच तेथे अधिक वेळ जातो. शिक्षा म्हणजे अखंड यातना की अंतिम विनाश, याबाबत ख्रिस्ती अभ्यासकांत मतभेद आहेत; त्यांची बोळवण एका वाक्यात होते. दुर्जनाच्या मरणाने मला संतोष होत नाही, त्याने आपल्या मार्गापासून फिरून जगावे यातच मला संतोष आहे, हे यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ३३व्या अध्यायातील देवाचे म्हणणे तर कोठेच येत नाही, आणि ही उणीव मला खरोखर खटकते.

ध्वनिमुद्रण स्वच्छ आहे, परंतु वचनांची यादी सोबत नसल्याने संदर्भासाठी वारंवार मागे जावे लागते. गटाने अभ्यास करणाऱ्यांनी ही माला अवश्य घ्यावी. शेवटच्या प्रवचनाआधी यहेज्केलचा तो अध्याय एकत्र वाचावा.