अभंग, पेटी, तंबोरा आणि रिव्हर्ब: वर्षभराच्या वापरानंतर

घरच्या छोट्या स्टुडिओत मी मुख्यतः अभंग आणि भावगीतं रेकॉर्ड करतो. गळा, पेटी, तबला किंवा पखवाज, टाळ आणि मागे तंबोरा. या कामासाठी वर्षभर तीन रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला कृत्रिम घुमारा देणारी साधनं, आलटूनपालटून वापरले. एक म्हणजे लेक्सिकॉन एमएक्स२००, रॅकमध्ये बसणारं जुनं हार्डवेअर, सेकंडहँड घेतलेलं. दुसरं वल्हाला व्हिंटेजव्हर्ब हे प्लगिन, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या आत चालणारं जोडसॉफ्टवेअर. तिसरं रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसोबतच येणारं रीआव्हर्ब, ज्यात खऱ्या जागेचा इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे क्षणभराच्या आवाजानंतर त्या जागेत उठणाऱ्या घुमाऱ्याचं रेकॉर्डिंग, भरता येतो. रिव्हर्बची परीक्षणं बहुतेक ड्रम, गिटार आणि सिंथवर बेतलेली असतात. तंबोऱ्याच्या सुरावर तेच रिव्हर्ब कसं वागतं हे वाचायला फारसं मिळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आपल्या संगीतासाठी रिव्हर्ब निवडताना मी सगळ्यात आधी एकच गोष्ट ऐकतो: शेपटीत, म्हणजे मूळ आवाज थांबल्यावर विरत जाणाऱ्या घुमाऱ्यात, सूर हलतो का? हे का होतं ते समजून घेतलं की निवड निम्मी सोपी होते. डिजिटल रिव्हर्ब म्हणजे मुळात एकमेकांत गुंतवलेले अनेक डिले, म्हणजे आवाज थोडा उशिराने परत ऐकवणारे टप्पे. ही कल्पना बेल लॅब्जमध्ये मानफ्रेड श्रोडर यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीलाच मांडली होती. पण डिलेंची संख्या मर्यादित असली की शेपूट पत्र्यासारखी किणकिणते. त्यावर उपाय म्हणून डिलेची लांबी सतत थोडीथोडी कमीजास्त करत राहायची, याला मॉड्युलेशन म्हणतात. 1978 साली आलेल्या लेक्सिकॉन 224 या डिजिटल रिव्हर्ब यंत्राचा जो मऊ, पसरट आवाज लोकांना आजही हवासा वाटतो, त्यात या हालचालीचा मोठा वाटा आहे. मात्र डिलेची लांबी बदलताना त्यातून जाणारा सूरही किंचित वरखाली होतो. गिटारवर ते गोड लागतं. तंबोरा अखंड षड्ज धरून बसलेला असताना त्याच षड्जाची शेपूट डुलायला लागली, की कानाला टोचतं.

एका अभंगाचं मिक्स ऐकवत होतो तेव्हा आमचे पेटीवाले काका दुसऱ्या कडव्यावर थांबले आणि म्हणाले, "अरे, पंचम हलतोय बघ मागे." गळ्यात काही नव्हतं, पेटीत नव्हतं. व्हिंटेजव्हर्बमध्ये रंगाचे तीन पर्याय आहेत, 1970चं दशक, 1980चं दशक आणि नाउ. त्यातला पहिला लावलेला होता. तो मुद्दाम जुन्या यंत्रांसारखा काळसर आणि जास्त डुलणारा बनवलाय. नाउ लावलं, मॉड्युलेशनची डेप्थ जवळजवळ तळाला आणली, आणि पंचम जागेवर बसला. डेप्थ पूर्ण शून्यावर नेली तर लांब डिकेला (डिके म्हणजे घुमारा विरायला लागणारा वेळ) किणकिण पुन्हा कानावर येते, त्यामुळे किंचित ठेवावी. अभंगाला मला दीड ते दोन सेकंदांहून लांब डिके क्वचितच लागतो, आणि तेवढ्यात हे छान जमतं. कुठलंही रिव्हर्ब विकत घेण्याआधी नुसता तंबोरा त्यातून पाठवा, डिके चार-पाच सेकंद करा, तंबोरा थांबवा आणि विरत जाणारा षड्ज ऐका. डेमोमधल्या तयार प्रीसेटपेक्षा या एका चाचणीतून जास्त कळतं.

रीआव्हर्बचं मोठेपण इथेच. ते कन्व्होल्यूशन तंत्रावर चालतं. त्यात जागेचा प्रतिसाद एकदा रेकॉर्ड केलेला असतो, पुढे तो बदलत नाही, त्यामुळे सूर हलण्याचा प्रश्नच येत नाही. 1999 साली सोनीने हे तंत्र हार्डवेअरमध्ये आणलं आणि 2001च्या सुमारास ऑल्टिव्हर्बने प्लगिनमध्ये. आज ते साध्या लॅपटॉपवरही आरामात चालतं. आमच्या गावाकडच्या देवळाच्या दगडी सभामंडपात पुजारीकाकांची परवानगी घेऊन दुपारच्या शांत वेळी फुगा फोडला आणि दोन माइकवर तो घुमारा टिपला. फुग्याचा आवाज काही आदर्श नसतो. त्यात खालची सप्तकं कमी पडतात, आणि स्पीकरवरून स्वीप, म्हणजे खालून वर सरकत जाणारा सूर, वाजवून मोजणं जास्त अचूक. पण गळ्यावर तो मंडप लावला तेव्हा आवाजाला जी जागा मिळाली ती कुठल्याच प्रीसेटमधून मिळाली नव्हती. अडचण लांबीची: दगडी मंडप शब्द गिळतो. म्हणून इम्पल्सची शेपूट साधारण दोन सेकंदांवर हळूहळू मिटवून वापरतो. डिकेची एक मूठ फिरवून गाण्यागणिक जागा लहानमोठी करण्याइतकं सोपं काम मात्र इथे नाही. तशी सोय हवी असेल तर व्हिंटेजव्हर्बच बरं.

आता हार्डवेअर. एमएक्स२०० मिक्सिंगसाठी मी जवळजवळ वापरत नाही. एकच यंत्र, म्हणजे गळ्याला वेगळं, टाळाला वेगळं असं करत गेलं की लगेच संपतं. शिवाय मिक्स बाहेर काढताना पूर्ण गाणं खऱ्या वेळेत वाजवावं लागतं. त्याची खरी जागा रेकॉर्डिंगच्या वेळी, गाणाऱ्याच्या हेडफोनमध्ये. गोधड्या लावलेल्या कोरड्या खोलीत स्वतःचाच गळा ऐकत गाणं अवघड जातं, विशेषतः ज्यांनी आयुष्यभर देवळात आणि मांडवात गायलंय त्यांना. भजनी मंडळातल्या आमच्या एक मावशी यंत्राची मूठ स्वतः फिरवतात. आवाज सुटायला लागला की डोळ्यांनी खूण करतात, आणि तिथून पुढचे टेक वेगळेच येतात. हाताला मूठ लागण्याचा हा फायदा माउसने मिळत नाही. रेकॉर्ड होतो तो गळा कोराच. रिव्हर्ब फक्त कानात जातो.

एवढ्यासाठी हार्डवेअर घ्यायलाच हवं असं मात्र नाही. माइक संगणकाला जोडणाऱ्या इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरिंगवर, म्हणजे संगणकात न जाता थेट, कोरा गळा ऐकवा आणि संगणकातून फक्त शंभर टक्के वेट रिव्हर्ब, म्हणजे मूळ आवाजाविना नुसता घुमारा, परत पाठवा. संगणकाच्या बफरमुळे होणारा दहा-पंधरा मिलिसेकंदांचा उशीर रिव्हर्बच्या प्रीडिलेत, म्हणजे मूळ आवाज आणि घुमारा यांच्यातल्या अंतरात, जमा होतो, गाणाऱ्याला तो जाणवत नाही.

कुठलंही रिव्हर्ब असो, निम्मं काम त्याच्या आधीच्या फिल्टरवर होतं. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत प्लेटकडे (पोलादी पत्रा कंपित करून घुमारा देणारं रिव्हर्ब) आवाज पाठवण्याआधी 600 हर्ट्झच्या खालचा आणि 10 किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. आपल्याकडे पुरुषी गळ्याला 600 जास्त होतं, आवाज पोकळ वाटतो. मी 250 ते 300 वर कापतो. पेटी आणि तंबोरा त्याच पट्ट्यात आधीच भरलेले असतात, तिथे रिव्हर्बची भर पडली की सगळा चिखल. वरून 6 किलोहर्ट्झवर कापतो. टाळ रिव्हर्बला जवळजवळ पाठवतच नाही, कारण पितळेची शेपूट गळ्यावर सांडते. पखवाजाच्या धुमेलाही नाही. पखवाजाला फार तर लहान खोली, अर्ध्या सेकंदाची.

प्रीडिले 35 ते 45 मिलिसेकंद. विठ्ठल म्हणताना ठ्ठ आधी स्पष्ट ऐकू यायला हवा, मग घुमारा. स, श, च यांचा शिसारा प्लेटमध्ये फार उडतो, म्हणून डी-एसर, म्हणजे हा शिसारा दाबणारं साधन, मूळ गळ्यावर न लावता रिव्हर्बच्या सेंडवर, म्हणजे रिव्हर्बकडे जाणाऱ्या आवाजावर, लावतो. गळा शाबूत राहतो. द्रुत ताना असतील तिथे सेंड ऑटोमेशनने (सॉफ्टवेअरमध्ये आधीच नोंदवलेल्या बदलाने) खाली आणतो आणि सम आली की परत वर. हे करायला कंटाळा येतो, पण ताना मोजता येतील इतक्या स्वच्छ ऐकू येतात.

पैशांचं म्हणाल तर व्हिंटेजव्हर्ब पन्नास डॉलरला आहे, म्हणजे चार-साडेचार हजार रुपये, आणि माझ्या मते ते वसूल होतात. तेही नको असतील तर ड्रॅगनफ्लाय रिव्हर्ब मोफत आहे. त्यातला रूम आणि हॉल या कामाला पुरतात, फक्त मॉड्युलेशन खाली आणायचं. जुनं हार्डवेअर घेणार असाल तर इनपुट न देता आउटपुट हेडफोनवर मोठ्याने ऐका, अडॅप्टरची घरघर लगेच कळते. मूठ फिरवताना खरखर येत असेल तर किंमत पाडून मागा. हजार-दोन हजारांच्या नव्या, नाव नसलेल्या इफेक्ट डब्यांच्या वाटेला जाऊ नका, त्यापेक्षा मोफत प्लगिन कितीतरी सरस.

मंडळासाठी ट्रॅक देताना मी दोन प्रती काढतो. मांडवातल्या स्पीकरवर वाजणाऱ्या प्रतीत रिव्हर्ब निम्म्याहून कमी, कारण तिथली जागा स्वतःच घुमते. मोबाइलवर ऐकण्याच्या प्रतीत नेहमीइतका. आणि प्रोजेक्ट बंद करण्याआधी रिव्हर्बचा रिटर्न, म्हणजे त्यातून बाहेर येणारा नुसता घुमारा, वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करून ठेवतो, म्हणजे दोन वर्षांनी कुणी फक्त पेटी वाढवून मागितली तर प्लगिनची जुनी आवृत्ती शोधत बसावं लागत नाही.