नव्वदच्या दशकातल्या हिट कॅसेटी: शिलाई मशीनशेजारी आठ महिने वाजवल्यानंतर

जूनच्या पहिल्या आठवड्यात माळ्यावर पाणी गळायला लागलं म्हणून पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत दादाच्या ४१ कॅसेटी होत्या, त्याचा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेलं यंत्र, होता आणि एक दोनशे पानी वही होती. दादा आता पुण्यात असतो. फोन केला तर म्हणाला, "तूच ठेव, इथं कुठं ठेवू?" मी सगळं उचलून दुकानात आणलं. आज फेब्रुवारी संपत आलाय. सुट्टीचा वार सोडला तर एकही दिवस ती गाणी लागली नाहीत असा गेला नाही.

आमचं दुकान कोल्हापुरात मिरजकर तिकटीजवळ, ब्लाउज आणि ड्रेस शिवायचं. मोटरवरच्या दोन मशिनी, एक ओव्हरलॉक आणि आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींची पायमशीन. म्हणजे गाणं इथे शांतपणे कुणी ऐकत नाही. ते मशिनीच्या खडखडाटातून वाट काढत येतं, सकाळी दहा ते रात्री आठ, आणि दर चार दिवसांनी तेच परत येतं. मी जे लिहितेय ते असल्या वापराबद्दल आहे.

वहीबद्दल सांगायला हवं. गाण्यांच्या वाहिन्यांपैकी चॅनल व्ही १९९४ ला आला, एमटीव्ही इंडिया १९९६ ला. आमच्या गल्लीत केबल आल्यावर दादा आठवड्याची टॉप टेन बघायचा आणि ती हिरव्या शाईने उतरवून ठेवायचा: तारीख, क्रमांक, गाणं, मागच्या आठवड्यात कितवं होतं. १९९५ ते १९९९, पाच वर्षं. परीक्षेच्या आठवड्यांतसुद्धा खाडा नाही. कॅसेटीही त्याच क्रमाने घेतलेल्या. पैसे असतील तेव्हा कंपनीची, नसतील तेव्हा कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी देऊन दुकानातून भरून आणलेली. ती वही कटिंगच्या टेबलावर ठेवूनच मी हे आठ महिने ऐकलं, आणि तिच्यातले क्रमांक आमच्या दुकानात पार उलटेपालटे झाले.

आधी यंत्राचं. टू-इन-वनचा बेल्ट वितळून डांबरासारखा झाला होता. एका दुरुस्तीवाल्याकडून नवा बसवून घेतला. पहिले दोन आठवडे मला वाटायचं, आपलं वय झालं म्हणून या गाण्यांच्या वरच्या सुरात आपला गळा पोचत नाही. मग एकदा घड्याळ लावलं. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटं चालायला हवी, ती अठ्ठावीस मिनिटांतच संपली. घरी बाबांच्या पेटीवर ताडून पाहिलं तर गाणं अर्ध्या स्वराहून थोडं वर चढलेलं. बेल्ट भलत्याच मापाचा होता. त्या माणसाने मान्य केलं नाही, बदलून तर मुळीच दिला नाही. दुसरीकडून पुन्हा पैसे भरून नीट करून घेतलं. जुना टेप कुणी दुरुस्तीला देणार असेल तर घड्याळाची ही परीक्षा दुकानातच करून घ्या. "मेड इन इंडिया" गाणाऱ्या अलिशा चिनायचा आवाज मी दोन आठवडे भलत्याच उंचीवर ऐकला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि कोल्हापूरचा पावसाळा. ४१ पैकी नऊ कॅसेटींच्या रिळावर कडेने पांढरी बुरशी होती. ती तशीच वाजवली तर टेपच्या हेडला लागते आणि तिथून पुढच्या सगळ्या कॅसेटींना. आम्ही पेनवर कॅसेट फिरवत फिरवत, कोरड्या सुती कापडातून रीळ ओढून पुसलं. हेड दर पंधरा दिवसांनी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाने. दोन कॅसेटी वाचल्या नाहीत.

आता गाणी.

"मेड इन इंडिया", १९९५. दादाच्या वहीत हे गाणं इतके आठवडे पहिलं आहे की त्याने शेवटी नाव लिहायचं सोडून नुसती चांदणी काढली आहे. मला भीती होती की व्हिडिओतल्या मिलिंद सोमणशिवाय हे उभं राहणार नाही. राहिलं. बिड्डूंची चाल आहे. ज्यांनी १९७४ ला लंडनमध्ये "कुंग फू फायटिंग" केलं आणि १९८० ला नाझिया हसनकडून "आप जैसा कोई" गाऊन घेतलं, तेच बिड्डू. त्यांना ठोका कुठे सोडायचा हे कळतं. अलिशा कुठेच ओरडत नाही, आणि ओरडत नाही म्हणूनच तो आवाज मशिनीच्या आवाजाखाली दबत नाही. पण त्या कॅसेटमध्ये मला एवढं एकच गाणं पुरलं. बाकीच्या गाण्यांना आमच्यापैकी कुणी हात थांबवला नाही.

दलेर मेहंदी. इथे मावशींच्या पायमशीनमुळे मला एक गोष्ट डोळ्यांनी दिसली. "बोलो ता रा रा" लागलं की त्यांचा पाय ढोलावर पडतो. ठरवून नाही, आपोआप. साडीचा फॉल लावताना सरळ लांब शिलाई असते, तिथे हे गाणं असलं की टाके एकसारखे येतात. मी भिंग लावून पाहिले आहेत. मात्र काज करताना, खड्याचं काम करताना ते बंद करावं लागतं, हात पुढे पळतो. "तुणक तुणक तुण"ची गोष्ट अनेकांना माहीत असेल: यांची गाणी व्हिडिओतल्या सुंदर मुलींमुळे चालतात असं लोक म्हणायला लागले, तेव्हा १९९८ ला त्यांनी चार वेगवेगळ्या पोशाखांत फक्त स्वतःला घेऊन व्हिडिओ केला. आमच्याकडे तर तेही चित्र नाही. तरी गाणं पुरून उरतं. तो गळा कमावलेला आहे, त्याला कशाचाच टेकू लागत नाही.

बाबा सेहगलचं "ठंडा ठंडा पानी" १९९२ चं, वहीच्याही आधीचं. रॅप नावाची गोष्ट आमच्या पिढीला त्यांनी दाखवली, त्याचा मान आहेच. पण रोज ऐकायला ते टिकलं नाही. शब्द गमतीचे आहेत, आणि गंमत दहाव्यांदा तशी राहत नाही. जुलैनंतर ती कॅसेट मी लावली नाही.

"कलोनियल कझिन्स"ची कॅसेट १९९६ ची, हरिहरन आणि लेस्ली लुईस यांची. दादाच्या वहीत "कृष्णा नी बेगने" सातव्या-आठव्या क्रमांकाच्या वर गेलेलं नाही. मलाही तेव्हा ते संथ वाटायचं. आमच्या मावशी निपाणीच्या, माहेरची भाषा कन्नड. पहिल्यांदा हे गाणं लागलं तेव्हा त्यांनी पाय उचलून मशीन थांबवली. इथे काम करायला लागल्यापासून त्यांना मधेच थांबलेलं मी पाहिलं नव्हतं.

"हे आमचं देवाचं हाय की," म्हणाल्या. "हे ह्या पोरांनी कुठनं घेतलं?"

व्यासरायांचं पद आहे ते, पाचशे वर्षांपूर्वीचं, कन्नडमधलं. आई कृष्णाला लवकर ये म्हणून हाका मारते. मावशींनी त्यांच्या आजीकडून ऐकलेली चाल म्हणून दाखवली. हरिहरनपेक्षा कितीतरी साधी, एका जागी झोका घेतल्यासारखी. मग परत कॅसेट लावली, आणि त्या म्हणाल्या, "ह्यो बरोबर म्हणतोय. बाकीचं इंग्लिश मला कळत न्हाई, पर हाक बरोबर मारतोय." त्या दिवसापासून त्या गाण्याचा क्रमांक आमच्या दुकानात पहिल्या तिनात आहे. इंग्रजी कडव्यांबद्दल माझं मत मात्र अजून पक्कं नाही. कधी ती पदाला उचलून धरतात, कधी आड येतात.

लकी अलींची "सुनो", तीही १९९६ चीच. "ओ सनम" म्हटलं की सगळ्यांना इजिप्तचं वाळवंट आणि पिरॅमिड आठवतात. मला या आठ महिन्यांत ते विसरता आलं, आणि त्यानंतरच गाणं पूर्ण ऐकू आलं. जुलैत चार दिवस पावसाने उसंत दिली नाही, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत होतं, जो येईल तो आधी "किती फुटावर आलंय?" एवढंच विचारत होता. वीज गेली. मोटरच्या मशिनी बंद, फक्त मावशींची चालू. टू-इन-वनमध्ये सहा मोठे सेल घातले आणि "सुनो"ची दुसरी बाजू लावली. मशिनी गप्प असताना त्या कॅसेटमध्ये किती काय आहे ते कळलं: गिटारच्या तारेवरून बोट सरकल्याचा आवाज, ओळ सुरू करण्याआधी घेतलेला श्वास. आणि आणखी एक गोष्ट. गाणं सुरू होण्याआधी, पार खोलवरून, त्याचा पहिला सूर अगदी पुसट ऐकू येतो. रिळाचा एक वेढा दुसऱ्यावर वर्षानुवर्षं दाबून राहिला की त्याचा चुंबकीय ठसा शेजारच्या वेढ्यावर उमटतो. त्यामुळे पडसाद आधी येतो आणि आवाज नंतर. दादाने पंचवीस-सव्वीस वर्षं ती कॅसेट वाजवलीच नव्हती, हे मला त्या पडसादानेच सांगितलं.

कॅसेटला पुढचं गाणं पटकन लावायची सोय नसते, हा मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटतो. हाताला खडू लागलेला असतो, उठून कोण जाणार? त्यामुळे दुसऱ्या बाजूची, वहीत कधीच न आलेली गाणी ऐकली जातात. "सुनो" त्यामुळेच वर गेली. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एका माणसाची आहे, भरतीची गाणी तिच्यात मला सापडली नाहीत.

नवरात्रात फाल्गुनी पाठक. "याद पिया की आने लगी" १९९८ चं, "मैंने पायल है छनकाई" १९९९ चं. घागरा-चोळीचं माप द्यायला कॉलेजच्या पोरी येतात, त्यांच्या जन्माआधीची ही गाणी त्यांना पाठ. एक तर मापाच्या फितीत हात वर करून उभी राहून पूर्ण कडवं म्हणून गेली, तिचं छातीचं माप मला तीनदा घ्यावं लागलं. तो आवाज गोड आहे आणि सरळ आहे, मैत्रिणीने निरोप सांगावा तसा. दुकानाचा धंदा म्हणून पाहिलं तर या एका कॅसेटने गिऱ्हाईक जितकं थांबवलं तितकं दुसऱ्या कुठल्या कॅसेटने नाही.

शुभा मुद्गल यांच्यावरून आमच्या घरात तेव्हा भांडण झालं होतं. बाबा देवल क्लबच्या शास्त्रीय गाण्याच्या बैठका न चुकवणारे. ज्या गावात अल्लादिया खाँसाहेबांनी शाहू महाराजांच्या आश्रयाने गाणं रुजवलं, तिथल्या माणसाला १९९६ ला "अली मोरे अंगना" ऐकून संताप आला. अभिषेकीबुवा आणि कुमार गंधर्वांकडे शिकलेल्या बाईने ड्रमवर गावं, हे त्यांना सहन होईना. दादा आणि बाबा दोन दिवस बोलत नव्हते. आता बाबांचं वय ऐंशीच्या पुढे आहे. दुपारी डबा घेऊन येतात आणि थोडा वेळ बसतात. ऑक्टोबरात "अब के सावन" लावलं, १९९९ चं, शंतनू मोईत्रांची चाल. बाबा आधी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणाले, "कालचं ते परत लाव. तिने वरचा षड्ज कसा ठेवलाय बघायचं आहे." त्या षड्जासाठी ते आठवडाभर रोज आले. माझं मत विचाराल तर दोन्हींत "अब के सावन" सरस. पहिल्यात वाद्यांची गर्दी होते, दुसऱ्यात आवाजाला मोकळं मैदान मिळालंय.

ट्रंकेत मराठी कॅसेट एकच, "गारवा", १९९८ ची. मिलिंद इंगळे आणि सौमित्र. दादाच्या वहीत तिचा कुठेच उल्लेख नाही, कारण त्या काउंटडाउनमध्ये मराठीला जागाच नव्हती. याची मला खंत वाटते. पाच वर्षांच्या वहीत एक मराठी ओळ नाही, आणि त्याच घरात ही कॅसेट झिजेपर्यंत वाजलेली. लेबलवरची अक्षरं बोटांनी पुसली गेलीत. वापरातली एकच अडचण: गाण्याआधी सौमित्रच्या आवाजात कविता येते, ती मशीन चालू असताना ऐकू येत नाही. मग आम्ही ती कॅसेट सकाळी दुकान उघडल्यावर, पहिला चहा येईपर्यंत लावतो. तोवर मशिनीला तेल घालणं, बॉबिन भरणं अशी बिनआवाजाची कामं करून घेतो.

आजच्या घडीला माझ्या हाताशी, मशिनीच्या उजव्या खणात, पाच कॅसेटी आहेत: "सुनो", "कलोनियल कझिन्स", "अब के सावन", "गारवा" आणि दलेर मेहंदींची. "मेड इन इंडिया" संध्याकाळी गर्दी असली की निघते. बाकीच्या ट्रंकेत, सिलिका जेलच्या पुड्यांसकट.

गेल्या पंधरवड्यात लग्नसराईच्या घाईत "सुनो"चं रीळ रोलरमध्ये गुंडाळून तुटलं, नेमकं "ओ सनम"मध्ये. चुरगळलेला अडीच सेंटिमीटरचा तुकडा कापावा लागला. कॅसेटचं रीळ सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर धावतं, म्हणजे अर्ध्या सेकंदाचं गाणं गेलं. उरलेली दोन टोकं कटिंगच्या टेबलावर, फूटपट्टीला लावून, मागच्या बाजूने पट्टी चिकटवून जोडली. पट्टी रिळाच्या बाहेर केसभरही जाऊन चालत नाही. कात्री माझी रोजचीच, पण हात कापत होता. आता त्या ओळीतला एक शब्द गायब आहे. तिथे आलं की मावशी तो शब्द म्हणतात, आणि गाणं पुढे जातं.