बुलबारवरचा यूएचएफ अँटेना: काठीला दहापैकी नऊ, केबलला शून्य

सरळ सांगतो, गाडीतल्या यूएचएफ रेडिओचा (गाडी-ते-गाडी बोलायचा, वॉकीटॉकीसारखा सेट) हा अँटेना चांगला आहे. काठी उत्तम, खालची स्प्रिंग उत्तम, लांबचं ऐकू येतं. तरीही ज्याने हा बेस (काठी ज्यावर बसते तो खालचा भाग) डिझाइन केला त्याला एकदा माझ्या युटखाली, म्हणजे पिकअपखाली, उताणं झोपवून त्याचीच केबल बदलायला लावावी, असं गेले काही आठवडे फार वाटतंय. कारण केबल बेसमध्ये कायमची ओतलेली आहे. खाली सॉकेट नाही, स्क्रू नाही, काही नाही. केबलला खरचटलं तर बेस फेका. दीडशे डॉलरच्या वर मोजल्यावर ही अपेक्षा नव्हती.

कुठे वापरतो ते सांगतो, म्हणजे पुढची कटकट समजेल. मी ऑस्ट्रेलियात मिलड्युराला असतो, व्हिक्टोरिया राज्याच्या वायव्य टोकाला. काम कोल्ड रूम आणि पॅकिंग शेडमधल्या रेफ्रिजरेशनचं. मूळ तासगावचा, त्यामुळे इकडे येऊनही द्राक्षं आणि बेदाणे काही सुटले नाहीत. गाडी हायलक्स, पुढे लोखंडी बुलबार (धडकेपासून वाचवणारा दांड्यांचा सांगाडा), त्यावर ६.६ डीबीआयचा अँटेना (डीबीआय म्हणजे गेनचं, लहरी एका दिशेला एकवटण्याचं माप). रेडिओ नेहमीचा ८० चॅनेलचा, ५ वॉटचा.

मोबाइल असताना रेडिओ कशाला, असं पुण्यातले नातेवाईक विचारतात. इथल्या रॉबिनव्हेल गावाच्या पलीकडे बदामाच्या बागांत शिरा, मग कळेल. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये इथलं थ्रीजी बंद झाल्यावर माझ्या नेहमीच्या दोन-तीन शेडवर फोनच्या दांड्या शोधत फिरावं लागतं. मळ्यावरचे ट्रॅक्टर, फोर्कलिफ्ट, गेटवरचा माणूस सगळे रेडिओवर. हायवेला ४० नंबरच्या चॅनेलवर ट्रकवाले. समोरून अख्ख्या रस्त्याच्या रुंदीचं यंत्र येत असेल तर त्याच्या पुढे धावणारी पायलट गाडी तिथेच ओरडते, आणि ते वेळेत ऐकू आलं तर आपण कडेला थांबतो. त्यामुळे हा शौक नाही, कामाची वस्तू आहे.

पहिले काही महिने तक्रारीला जागाच नव्हती. इथला मॅलीचा प्रदेश तव्यासारखा सपाट, तिथे लांब काठी बसवली की गाडी-ते-गाडी दहाएक किलोमीटर आरामात. मेलबर्नकडे डोंगरात गेलो की ३ डीबीआयची छोटी काठी फिरवून बसवायची. जास्त गेनची काठी लहरी क्षितिजाच्या रेषेत दाबते, चढउतारात ते उलट अंगाशी येतं. दोन्ही काठ्या एकाच बेसवर बसतात, हे खरंच सोयीचं. कच्च्या रस्त्याच्या लाटांवरून गाडी हादरत जाते तेव्हा आधीच्या अँटेनाची काठी मुळाशी पांढरी पडून तंतू सुटायला लागले होते. या काठीला अजून ओरखडा नाही.

मग हिवाळ्यात आवाज बसायला लागला. एकदम नाही, हळूहळू. आधी गेटवरचा माणूस म्हणाला, तुझं तुटक येतंय. मग ट्रकवाले अगदी समोर आल्यावरच ऐकू यायला लागले. शेवटी दोन किलोमीटरच्या पुढे आपण बोलतोय की स्वतःशी पुटपुटतोय, कळेना.

सल्ले देणारे सगळीकडे सारखेच. एक म्हणाला, तुझ्या एलईडी लाइट बारचा गोंधळ आहे. हे अगदीच खोटं नव्हतं. बार लावला की खरखर वाढायची, बंद केला की कमी. स्वस्त एलईडीचे ड्रायव्हर रेडिओत कचरा सोडतात हे खरंच. पण बार बंद ठेवूनही माझं बोलणं पोचत नव्हतं, म्हणजे तो आजार वेगळा. दुसरा म्हणाला, समोरच्याचा रेडिओ जुना ४० चॅनेलवाला असेल. तेही शक्य होतं. २०११ मध्ये ८० चॅनेल झाले तेव्हा चॅनेल अरुंद केले, त्यामुळे नव्या सेटचा आवाज जुन्या सेटवर बारीक येतो. पण बारीक येणं वेगळं आणि गुडूप होणं वेगळं.

शेजारच्या सत्तरीतल्या ट्रकवाल्याने मायेने आपला एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा, आकडा १ च्या जितका जवळ तितकं चांगलं) आणून दिला. मीटर २७ मेगाहर्ट्झच्या जुन्या सीबी रेडिओचा. आपण बोलतोय ४७७ मेगाहर्ट्झला. काटा वाटेल तसा नाचला. म्हातारबांना चहा पाजला, मीटर परत दिला. हे लक्षात ठेवा, जुन्या सीबीचा मीटर यूएचएफला काडीच्या उपयोगाचा नाही. त्या फ्रिक्वेन्सीचा मीटर लागतो. मी तसा भाड्याने आणला.

आणि त्याने रीडिंग दिलं १.३.

ज्याला यातलं थोडं कळतं तो इथेच फसतो. १.५ च्या आत म्हणजे अँटेना निरोगी, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. दुकानदारानेही फोनवर तेच ऐकवलं, ‘मीटर चांगला दाखवतोय ना, मग अँटेनात दोष नाही, रेडिओ बघा.’ म्हणजे चारशे डॉलरचा रेडिओ बदला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

पण मीटर नेमकं काय मोजतो? गेलेली शक्ती आणि टोकाला आपटून परत आलेली शक्ती. आता मधली केबलच शक्ती खात असेल तर? जाताना खाल्ली, उरलेली आपटून परत येताना पुन्हा खाल्ली. मीटरला परत आलेलं काहीच दिसत नाही, तो म्हणतो सगळं छान. एका वाटेत नव्वद टक्के गिळणारी केबल असेल, तर टोकाला अँटेना नसला तरी मीटर १.२ दाखवेल. केबल जितकी कुजकी, तितका मीटर खूश.

हे तपासायला एक पैसा लागत नाही. रेडिओ लो पॉवरवर टाकला, बाहेर जाऊन काठीच फिरवून काढून घेतली, आणि बटण सेकंदभर दाबलं. (जास्त वेळ दाबू नका, अँटेनाविना रेडिओचा आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.) काठी नसताना मीटरने बोंब मारायला हवी. काटा हलला नाही. १.३ चा १.३. बुलबारवर नुसतं स्प्रिंगचं बोडकं ठुंठ, आणि मीटर म्हणतोय अँटेना झकास.

पुढची पायरी खरं तर सोपी असते. मीटर केबलच्या दुसऱ्या टोकाला, अँटेनापाशी लावायचा आणि किती शक्ती पोचते ते बघायचं. पण कुठे लावणार? केबल ओतलेली! माझा सगळा राग इथे आहे. वस्तू बिघडते, त्याबद्दल तक्रार नाही. पण बिघाड कुठे आहे ते शोधायची वाटच बुजवून ठेवायची, याला काय म्हणावं?

मल्टिमीटर लावणाऱ्यांनाही एक सांगून ठेवतो. केबलची मधली तार आणि तिच्याभोवतीची तांब्याची जाळी यांच्यात कंटिन्युइटी (वीज आरपार जाणं) मिळाली की लोक लगेच शॉर्ट झालं म्हणून केबल कापतात. कित्येक अँटेनांच्या आत मॅचिंगची कॉइल असते, ते डीसीला शॉर्टच दिसतात. आधी पत्रक वाचा. माझ्या पत्रकात ते लिहिलं होतं, शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात.

खात्री करायला मित्राचा चुंबकाचा अँटेना, त्याच्या स्वतःच्या केबलसकट, टपावर ठेवला. केबल खिडकीतून आत. गेटवरचा माणूस स्वच्छ ऐकू आला. रेडिओ निर्दोष सुटला.

मग केबलच्या वाटेवर हात फिरवत गेलो. ग्रिलमधून आत, रेडिएटरच्या आधाराच्या पट्टीवरून, बॅटरीमागून, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भोकातून आत. पट्टीच्या धारेवर बसवणाऱ्याने झिप टाय करकचून आवळला होता. तिथे वरचं काळं आवरण घासून तांदळाच्या दाण्याएवढं भोक. ब्लेडने आवरण चिरलं. आतली जाळी तांबडी दिसायला हवी. दिसली काळी, मध्येमध्ये हिरवा कळंक, कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आठवडाभर ताक ठेवल्यासारखी. बोटाने चोळली तर पूड हातात आली. त्या भोकातून शिरलेलं पाणी जाळीच्या तारांमधून वातीसारखं ओढत केबिनच्या पत्र्यापर्यंत उतरलं होतं. अँटेनाकडची बाजू चढाची, ती मात्र कोरडी.

पाणी आलं कुठून? इथे वर्षाला तीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पण द्राक्षमळ्यात शिरताना गाडीला दुसरीकडची माती चिकटलेली चालत नाही. वेलीच्या मुळांवरची फायलोक्झेरा नावाची कीड मातीतून पसरते, म्हणून गाडी धुऊनच आत जायचं. प्रेशर वॉशरचा फवारा बुलबारवर आणि ग्रिलमध्ये रोजचाच.

दुकानदाराला हे सांगितल्यावर टोलवाटोलवी सुरू झाली. आधी विचारलं, बुलबारचं पावडर कोटिंग खरवडून अर्थ दिला होता का? अहो, तुमच्याच पत्रकात लिहिलंय की या अँटेनाला बॉडीचा अर्थ लागत नाही. मग म्हणाले, प्रेशर वॉशर वापरला म्हणजे वॉरंटी गेली. बुलबारवर लावायची वस्तू, तिला पाणी चालत नाही, मग काय देव्हाऱ्यात लावायची? मग म्हणाले, बसवणाऱ्याची चूक. बसवणारा त्यांच्याच दुकानातला ऑटो इलेक्ट्रिशियन, बिल एकच. तो म्हणाला, आवरण पातळ आहे, मी काय करू. दोघांनी हात वर केले आणि अर्ध्या किमतीत नवा बेस देऊ केला, जणू उपकारच.

घरून सल्ला आला, ‘अहो, घ्या की नवीन. किती दिवस त्या वायरीला कवटाळून बसणार?’ प्रश्न रास्त होता. पण प्रश्न पैशाचा नव्हता. बरं, पैशाचाही होता.

इथपर्यंतचं मी तेव्हाच लिहून ठेवलं होतं आणि एकच तारा देणार होतो. पुढचं नंतरचं.

नवीन बेस न घेता मी बेसपासून वीतभर अंतरावर, जाळी स्वच्छ तांबडी होती तिथे, केबल कापली. तिथे एन टाइप कनेक्टर (जोडता-सोडता येणारा सांधा) दाबून बसवला आणि तिथून रेडिओपर्यंत नवी, जाड, कमी लॉसची केबल ओढली. साध्या, पातळ आरजी-५८ केबलच्या पाच मीटरमध्ये या फ्रिक्वेन्सीला दोनएक डेसिबल जातात, म्हणजे केबल ठणठणीत असतानाही ५ वॉटमधले तीन-सव्वातीनच वर पोचतात. नवी केबल जेवढी लागते तेवढीच ठेवली. उरलेली डॅशबोर्डखाली गुंडाळून ठेवायची पद्धत इथेही आहे, तिने फुकट लॉस वाढतो. सांध्यावर ती स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, ताणून, दोन थर. पट्टीच्या धारेवर जुना पाण्याचा पाइप चिरून घातला आणि झिप टाय सैल.

आता सांधा सोडून मीटर थेट अँटेनापाशी लावता येतो. लावला. १.४. म्हणजे आधीच्या खोट्या आकड्यापेक्षा जरा वाईट, पण खरा. काठी काढून बघितली तर काटा टोकाला जाऊन आपटला. इतकं समाधान मला पगारवाढीनेही दिलं नव्हतं. हट्टाह गावाच्या अलीकडे ४० नंबरवर एक पायलट गाडी बोलताना ऐकू आली आणि ती प्रत्यक्ष दिसायला बराच वेळ लागला, तेव्हा लांब काठीबद्दलचं मत पुन्हा पहिल्यासारखं झालं.

दरम्यान दुकानदाराला सविस्तर ईमेल केला होता. इथे ग्राहक कायद्यात वॉरंटीपलीकडची हमी असते, वस्तू वाजवी काळ टिकली पाहिजे, आणि कामाच्या गाडीसाठी घेतलेली असली तरी एक लाख डॉलरच्या आतल्या वस्तूला ती लागू होते. केबलचा फोटो जोडला, तेच एक बिल जोडलं, आरडाओरडा केला नाही. आठवडाभर शांतता. मग ‘सद्भावना म्हणून’ नवा बेस घरपोच. सद्भावना म्हणे!

तर सुधारित मत असं. काठ्या घ्या, डोळे मिटून. बेस घेणार असाल तर बसवायच्या आधीच, कोरा असताना, केबल वीतभरावर कापून कनेक्टर लावून घ्या. वॉरंटी जाईल म्हणून भिऊ नका, ती मागायला गेल्यावर तशीही मिळत नाही. एवढं करायचं नसेल तर खाली सॉकेट असलेला दुसरा एखादा बेस बघा. आणि बसवणारा झिप टाय आवळत असेल तेव्हा शेजारी उभे राहा. तासाला शंभरावर डॉलर घेतो, थोडं बघून घेतलं तर बिघडत नाही.

सद्भावनेचा बेस खोक्यातच आहे, केबल अर्थातच ओतलेली. मिलड्युरा-रॉबिनव्हेल पट्ट्यात कुणाला हवा असेल तर निम्म्या किमतीत देतो. कनेक्टर लावून हवा असेल तर त्याचे वेगळे.