अ‍ॅक्टिव्ह क्रॉसओव्हर सांगून पॅसिव्हच गळ्यात मारला

कोल्हापुरात कुणी घरचे स्पीकर अ‍ॅक्टिव्ह करून घ्यायच्या विचारात असेल, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. माझे ३४,००० रुपये यात गेलेत.

वडिलांनी हौसेनं घेतलेली टू-वे स्पीकरची जोडी अजून ठणठणीत आहे. आत जाड सुरांना वूफर, बारीक सुरांना ट्वीटर, आणि सूर दोघांत विभागून देणारा पॅसिव्ह क्रॉसओव्हर. पण आवाज जरा वाढवला की डग्ग्याच्या घुमाऱ्यात गायिकेचा आवाज चिरकायचा. एकाच अँपवर (अँप्लिफायरवर) सगळा भार पडला की असं होतं. राजारामपुरीतल्या एका दुरुस्तीवाल्यानं पाहिलं आणि म्हणाला, “दादा, विषयच नाही. पॅसिव्ह काढून टाकतो. वूफरला एक अँप, ट्वीटरला एक. आधी २४ डीबीचा क्रॉसओव्हर. चॅनलला १०० वॅट.”

बोलला ते शंभर टक्के बरोबर होतं, आणि फसवणूक तिथंच लपते. पॅसिव्हमध्ये अँपमधून निघालेला आवाज कॉइल आणि कॅपॅसिटर विभागतात. अ‍ॅक्टिव्हमध्ये ही विभागणी अँपच्या आधीच होते, मग प्रत्येक ड्रायव्हरला, म्हणजे वूफरला आणि ट्वीटरला, स्वतःचा अँप. म्हणजे जोडीला चार चॅनल लागतात. त्यानं चार चॅनल दिले, निळे दिवे दिले, समोर सूर कुठं विभागायचे ते ठरवणारं फ्रिक्वेन्सीचं बटणही दिलं.

ते बटण २ किलोहर्ट्झवरून ५ वर नेलं तरी आवाजात तसूभर फरक पडेना. विचारलं तर म्हणे, “सेट व्हायला महिना जातो, दादा.” धादांत खोटं. असल्या बटणाचा फरक हात फिरवताक्षणी ऐकू येतो.

मंगळवार पेठेतला माझा एक मित्र मंडळांना डॉल्बी लावतो. टॉप एका अँपवर, बेस दुसऱ्यावर, हे त्याचं रोजचं काम. त्यानं स्पीकरच्या वायरी काढल्या, मोबाइलवरून ५० हर्ट्झचा टोन सोडला आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अँपच्या टर्मिनलला लावला. वूफरच्या अँपवर ४.१ व्होल्ट. ट्वीटरच्या अँपवरही ४.१. खरा क्रॉसओव्हर असता तर इतका खालचा सूर ट्वीटरच्या अँपपर्यंत पोचलाच नसता, मीटरनं शून्याच्या आसपास दाखवलं असतं.

मग स्पीकरच्या पेटीतून वूफर काढून आत पाहिलं. कापसामागं जुनी कॉइल आणि कॅपॅसिटर जागच्या जागी, फक्त वायरी दोन भागांत केलेल्या. याला पॅसिव्ह बाय-अँपिंग म्हणतात, आणि त्यासाठी कुणी एवढे पैसे देत नाही. अँपच्या पेटीतलं क्रॉसओव्हरचं कार्ड तर नुसते दिवे लावण्यापुरतं होतं. सिग्नलची वायर त्याच्या खालून थेट अँपला नेलेली.

ट्रान्सफॉर्मर निघाला १२-०-१२ व्होल्टचा. त्यावर ८ ओहमच्या स्पीकरला जेमतेम १० वॅट मिळतात, १०० कुठले? वाइंडिंगच्या टोकाचं व्हार्निश ब्लेडनं खरवडलं तर आत चांदीसारखी तार. तांब्याचं सांगून अ‍ॅल्युमिनियम.

जाब विचारायला गेलो तर उलट मलाच म्हणाला, “दोन अँप लावलेत न्हवं? मग अ‍ॅक्टिव्हच की.” बिलावर फक्त ‘स्पीकर काम’ लिहिलेलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे. तिथं निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं शुल्क नाही, फक्त तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. दुकानदाराशी मोबाइलवर झालेलं बोलणं पुसू नका, माझ्याकडं पुरावा म्हणून तेवढंच उरलंय.

तुमचं काम ताब्यात घेताना ती ५० हर्ट्झची चाचणी दुकानातच करायला लावा, ट्वीटर सोडवून आणि आवाज कमी ठेवून. टाळाटाळ झाली तर पैसे देऊ नका. काढलेला पॅसिव्ह क्रॉसओव्हर हातात मागा. आणि खरोखर अ‍ॅक्टिव्ह करून मिळालं तर ट्वीटर थेट अँपला जोडला जातो, चालू करतानाच्या एका धपक्यात तो जाऊ शकतो. म्हणून ८ ओहमच्या ट्वीटरला सिरीजमध्ये २० मायक्रोफॅरडच्या आसपासचा नॉन-पोलर कॅपॅसिटर बसवून घ्या. आधी क्रॉसओव्हर चालू करा, अँप नंतर. बंद करताना उलट.