३०० अँपिअर-अवरच्या डब्यात निघाले ७२ सेल

गेल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही आमच्या जुन्या ट्रॅव्हलर गाडीला बॅटरीवर चालणारा एसी बसवून घेतला आणि त्यात २,८५,००० रुपये घालवले. पैसे गेले त्याचं दुःख आहेच. पण त्या कामामुळे माझे आईवडील झोपेत जळाले असते, हे डोक्यातून जात नाही. पुण्यात हल्ली बरेच जण गाडीत पलंग आणि ओटा बसवून फिरायला निघतात आणि एप्रिल आला की प्रत्येकाला एसी हवा असतो. त्यातल्या एकाने जरी पैसे देण्याआधी हे वाचलं तर मला बरं वाटेल.

अण्णांनी ३१ वर्षं एसटी चालवली. निवृत्त झाल्यावर त्यांना स्वतःच्या गाडीने कोकण बघायचं होतं, आईला घेऊन. आईला दमा आहे. उकाड्यात ती रात्र रात्र बसून काढते. इंजिन चालू ठेवून गाडीचा एसी लावून झोपायचं तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत येण्याची भीती, त्यामुळे तो विचार आम्ही कधीच केला नाही. वेगळ्या बॅटरीवर चालणारा, टपावर बसणारा १२ व्होल्टचा एसी हा मार्ग आम्हाला बरोबर वाटला, आणि आजही वाटतो. चूक त्या कल्पनेत नव्हती.

ज्याच्याकडे गेलो तो गोड बोलणारा होता. "ताई, रात्रभर चालेल. आठ तास कुठे गेले नाहीत. माझी गॅरंटी." व्हॉट्सअॅपवर त्याने अंदाजपत्रक पाठवलं: टपावरचा एसी, ३०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी (अँपिअर-अवर म्हणजे किती अँपिअर किती तास मिळतील त्याचा गुणाकार), ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (इंजिनवरून ही बॅटरी भरणारा), ४०० वॅटचं सोलर, वायरिंग, मजुरी. कागदावर सगळं नीट होतं. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटीचे वेगळे पडतील, कशाला उगाच?" मीही गप्प बसले. दीड लाख आगाऊ दोन दिवसांत पाठवले, दोन वेगवेगळ्या माणसांच्या खात्यांवर, कारण "एका खात्याची लिमिट संपली". दुकानाच्या नावाने एक रुपयाही गेला नाही. पुढे तक्रार लिहायला बसले तेव्हा या एका गोष्टीने मला सगळ्यात जास्त रडवलं.

आता हिशोब सांगते. हा गुणाकार सातवीतल्या मुलालाही येतो, आणि मी तो आधी केला नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचा एक सेल ३.२ व्होल्टचा असतो. असे चार ओळीने जोडले की १२.८ व्होल्ट होतात. त्याला ३०० अँपिअर-अवरने गुणलं की ३,८४० वॅट-अवर. आमचा एसी पूर्ण जोरात ७५० वॅटच्या आसपास खातो. म्हणजे बॅटरी अस्सल आणि कोरी असली तरी सलग पाच तास. रात्री हवा थंड झाल्यावर कॉम्प्रेसर मंदावतो, तेव्हा सात तासांपर्यंत जाऊ शकतं. आठ तासांचं वचन खऱ्या बॅटरीवरही ओढूनताणून होतं. सोलरचंही तसंच. टपावर आडव्या टाकलेल्या ४०० वॅटच्या पॅनलमधून भर दुपारीसुद्धा पूर्ण ४०० वॅट मिळत नाहीत, मग ७५० वॅटचा एसी त्यावर दिवसभर कसा चालणार?

गाडी ताब्यात घेताना त्याने एसी तीन तास चालवून दाखवला. डिस्प्लेवर १३.४ व्होल्ट दिसत होते आणि तो आकडा शेवटपर्यंत हलला नाही. आम्ही खूश झालो. मी गाडीच्या आतले फोटो काढले, नातेवाइकांना पाठवले. दोन महिन्यांनी त्यातला एक फोटो मोठा करून पाहिला तेव्हा सीटखालून निघालेली एक काळी वायर दिसली, शेडच्या भिंतीवरच्या सॉकेटकडे गेलेली. चार्जर पूर्ण वेळ चालू होता. बॅटरीवर साठ अँपिअरचा भार पडला की व्होल्टेज थोडं तरी खाली यायलाच हवं. ते जागचं हललं नाही, हाच पुरावा होता आणि आम्ही त्याकडे कौतुकाने पाहत होतो. शिवाय या प्रकारच्या बॅटरीचं व्होल्टेज अर्ध्याहून अधिक रिकामी होईपर्यंत जवळपास सारखंच राहतं, त्यामुळे नुसत्या व्होल्टवरून किती शिल्लक आहे ते कळत नाही. त्यासाठी शंट (बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा तुकडा) लावलेला बॅटरी मॉनिटर लागतो.

आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर घडली होती. बॅटरीचा डबा तिथल्या पोराने एका हाताने उचलून आणला. खऱ्या ३०० अँपिअर-अवरच्या डब्याचं वजन तीस किलोच्या घरात जातं. पोर सतरा-अठरा वर्षांचं, सडपातळ. मी पाहिलं आणि मला काहीच खटकलं नाही.

मेमध्ये ताम्हिणी उतरून माणगावमार्गे दिवेआगरला गेलो. ओळखीच्या घरी, सुपारीच्या वाडीला लागून गाडी उभी केली. सव्वाअकराला एसी लावला. आई महिन्याभरात पहिल्यांदा आडवी होऊन झोपली. बारा पंचावन्नला एसी, दिवे, पंखा सगळं एकदम बंद पडलं. एक तास चाळीस मिनिटं. साठ अँपिअरने तेवढा वेळ म्हणजे बरोबर १०० अँपिअर-अवर.

त्या शांततेत अण्णांना वास आला. "आधी खाली उतरा. सगळे. चपला राहू द्या." एवढंच म्हणाले. आईला मी उचलूनच खाली घेतलं. अण्णांनी टॉर्च तोंडात धरून सीट काढली, पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल सोडवलं. पॉझिटिव्ह केबलचं आवरण हाताला मऊ लागत होतं. जिथे ती पत्र्याच्या भोकातून जात होती तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेपासून वायर वाचवणारी कडी) नव्हतं आणि आवरण वितळून पत्र्याला चिकटायला आलं होतं. अजून थोडा वेळ गेला असता तर तार थेट बॉडीला टेकली असती. आणि मध्ये फ्यूज नव्हता. बॅटरीपासून एसीपर्यंत एकही फ्यूज नव्हता.

घरात हेच ७५० वॅट २३० व्होल्टवर ओढले तर सव्वातीन अँपिअर लागतात. १२ व्होल्टवर साठ. म्हणून इथे केबल जाड हवी, शुद्ध तांब्याची हवी, तिच्या टोकांचे लग (धातूचे जोड) दाबून घट्ट बसवलेले हवेत आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा. आमची केबल ब्लेडने खरवडली तर वरचा तांब्याचा मुलामा निघून आत पांढरं अॅल्युमिनियम दिसलं. जाडीही लागते त्याच्या निम्मी नव्हती. डीसी-डीसी चार्जरचे पैसे घेतले होते, पण त्याच्या जागी एक साधा रिले (विजेवर चालणारा स्विच) होता, इंजिनवर वीज बनवणारा अल्टरनेटर थेट बॅटरीला जोडणारा. लिथियम बॅटरी रिकामी असताना भसाभस करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. हा चार्जर त्यालाच आवर घालण्यासाठी असतो.

पुण्यात परतल्यावर भोसरीत बॅटरी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडे डबा नेला. मोबाइलवर चित्रण चालू ठेवून, स्टिकर दिसेल असं धरून, आमच्यासमोर उघडला. आत ७२ गोल सेल होते, अठराची एक रांग अशा चार रांगा. या आकाराचा सेल कोरा असताना सहा अँपिअर-अवरचा असतो, म्हणजे अठराच्या एका रांगेचे १०८. चार रांगा ओळीने जोडल्या की व्होल्ट वाढतात, अँपिअर-अवर तेवढेच राहतात. तीनशेसाठी दोनशे सेल लागले असते. उरलेल्या जागेत थर्मोकोल भरला होता. सेलवरचं निळं आवरण नवं होतं, पण ते सोलल्यावर टोकांना जुन्या स्पॉट वेल्डिंगचे ठिपके दिसले. कुठल्यातरी जुन्या पॅकमधून काढलेले सेल होते. कारागीर तपासणीचे पैसे घेईना. म्हणाला, "ताई, असा महिन्याला एखादा डबा येतो माझ्याकडे."

त्यानेच मला सांगितलं ते इथे देते. बॅटरी गाडीत बसवण्याआधी वजन करा. पूर्ण चार्ज करून, चार्जर, सोलर आणि इंजिन तिन्ही बंद आहेत हे स्वतः वायर धरून बघून, एसी लावा आणि घड्याळ लावा. डीसी करंट दाखवणारा क्लॅम्प मीटर सोबत ठेवा (नेहमीचा मीटर फक्त घरातल्या विजेसारखा उलटसुलट वाहणारा करंट मोजतो, तो इथे निरुपयोगी). अँपिअर गुणिले तास, एवढंच. दुकानदार आढेवेढे घेत असेल तर गाडी तिथेच ठेवून परत या, पण उरलेले पैसे देऊ नका.

टपाला चौदा इंच चौकोनी भोक पाडण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतले तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलांशी जुळणार नाहीत असे बदल करायला मनाई आहे. आमचा माणूस म्हणाला होता, "आरटीओचं माझ्यावर सोडा." त्याने काहीही केलं नाही.

फोन केला तेव्हा आधी म्हणाला, तुम्ही तापमान फार कमी ठेवलंत. मग सेल कंपनीकडूनच तसे आले म्हणाला. तिसऱ्या दिवसापासून फोन बंद, आणि जूनमध्ये शेडला दुसऱ्याचं कुलूप. पहिल्या पावसात टपाच्या भोकातून पाणी आलं, आईची गादी भिजली.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून काही निष्पन्न झालं नाही तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात गेले. आपण दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर तिथे शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल होते, समोरचा कुठेही पळाला तरी. माझ्याकडे पक्कं बिल नाही. आहे ते व्हॉट्सअॅपवरचं अंदाजपत्रक, बँकेचे उतारे, उघडतानाचं चित्रण आणि काळी वायर दिसणारा तो फोटो. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणून डबा मी फेकलेला नाही. ७२ सेल, थर्मोकोलचे तुकडे आणि '३०० अँपिअर-अवर' लिहिलेलं झाकण, सगळं एका गोणीत बांधून माळ्यावर ठेवलं आहे. पुढच्या तारखेला अण्णा ते स्वतः घेऊन येणार आहेत.