मोबाईलवरची ‘नवा हेअरकट बघा’ अ‍ॅप्स: कमरेखाली पोचणाऱ्या लांब केसांसाठी अपुरी

फोटोवर आखूड केस चढवून दाखवणारी ही अ‍ॅप्स चेहऱ्याला कोणती लांबी शोभेल, एवढंच सांगतात. तेवढ्यापुरती ती चांगली आहेत. पण लांब केसांचा खरा प्रश्न वजनाचा असतो, आणि तो फोटोत येत नाही. वजन उतरलं की कुरळे-लहरी केस वर उसळतात. खांद्यापर्यंत ठरवलेला कट हनुवटीशी येऊ शकतो. अ‍ॅपमध्ये मात्र केस तिथेच लोंबत राहतात!

त्यापेक्षा आरशासमोरची चाचणी भरवशाची. कोरडी वेणी आतल्या बाजूला दुमडून हव्या त्या उंचीवर पिनांनी बसवा आणि दोन-तीन दिवस तशीच वावरा. वजनाचा अंदाज यातूनही येत नाही, पण बाजूने आणि मागून कसं दिसतं ते कळतं.

निर्णयाआधी हिशोब करा. केस महिन्याला साधारण 1 ते 1.25 सेंमी वाढतात. 60 सेंमी कापले तर परत यायला चार ते पाच वर्षं, मधली ट्रिमिंग धरली तर आणखी जास्त. म्हणून पहिल्यांदा ठरवलेल्या लांबीपेक्षा 5 ते 8 सेंमी जास्त ठेवा.

एकच पोनी बांधून सपकन कापू नका. पुढचे केस मानेपर्यंत लांबून आलेले असतात, त्यामुळे सोडल्यावर तेच लांब उरतात. चार-सहा भाग करून प्रत्येकाला वेगळं रबर लावा आणि रबराच्या खाली कापा. कागदाची बोथट कात्री तर नकोच, टोकं चिरडून दुभंगतात.