लहान मुलांसह स्वित्झर्लंडची रेल्वे: नाशिकहून जाणाऱ्या कुटुंबांसाठी एक परीक्षण

नोकरीनिमित्त नाशिकहून स्वित्झर्लंडला निघालेल्या तरुण जोडप्यांची पहिली चौकशी घरभाड्याची असते, दुसरी वाणसामानाची आणि तिसरी हमखास मोटारीची असते. घरात दोन-तीन वर्षांचे मूल असेल, तर मोटारीशिवाय परदेशात कसे निभावणार, ही काळजी विशेषतः आजी-आजोबांना फार वाटते. ती स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडे सोमेश्वरला, गंगापूर धरणावर किंवा नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला लहान मुलांना न्यायचे म्हटले की स्वतःचे वाहन लागतेच, आणि हाच अनुभव गाठीशी घेऊन आपण परदेशी जातो. आम्ही काही वर्षे झुरिकमध्ये राहिलो. आमची दोन्ही मुले तिथेच चालायला आणि बोलायला शिकली. आता गंगापूर रोडला परतल्यावर ओळखीच्या कुटुंबांकडून हाच प्रश्न वारंवार येतो, म्हणून तिथल्या रेल्वेसेवेचे हे परीक्षण केवळ लहान मुलांच्या आईच्या नजरेतून लिहीत आहे. माझे मत आरंभीच सांगते: पहिले वर्षभर तरी मोटार घेऊ नये.

प्रथम तिकिटांविषयी, कारण स्वित्झर्लंडमधील भाडी पाहून कोणाचीही छाती दडपते. सहा वर्षांखालील मूल तिकीट असलेल्या मोठ्या माणसासोबत विनामूल्य प्रवास करते. सहाव्या वर्षापासून सोळाव्या वाढदिवसापर्यंत ‘ज्युनियर कार्ड’ मिळते. आम्ही होतो तेव्हा त्याचे शुल्क प्रत्येक मुलामागे वर्षाला ३० फ्रँक होते. हे कार्ड असले की आई किंवा वडील यांच्याजवळ वैध तिकीट असताना मुलाला वर्षभर वेगळे भाडे पडत नाही, आणि ही सवलत आगगाडीपुरती नसून बस, ट्राम आणि सरोवरातील बोटींनाही लागू होते. मोठ्यांनी निम्म्या दराचे वार्षिक कार्ड, म्हणजे ‘हाल्बटॅक्स’, पहिल्याच महिन्यात काढावे. त्याखेरीज दिवसभर देशात कुठेही फिरण्याचे तिकीट बरेच आधी काढले तर पुष्कळ स्वस्त पडते, त्यामुळे लांबची सहल आधी ठरवून ठेवणे फायद्याचे असते. आपल्याकडेही पाच वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही आणि पाच ते बारा वयाच्या मुलाला वेगळी जागा न घेतल्यास अर्धे तिकीट पडते. परंतु मूल जरा मोठे झाले की चौघांचा प्रवास महागतो. नेमक्या त्याच वयात तिथे वर्षभराचा प्रश्न एका लहानशा रकमेत मिटतो.

मात्र एक नियम आपल्या कुटुंबांनी नीट समजून घ्यायला हवा. ज्युनियर कार्ड आई-वडिलांसोबतच चालते, आजी-आजोबांसोबत नाही. आपल्या घरांत नातवंडांना फिरवून आणण्याचे काम आजोबांकडे आपोआप येते, त्यामुळे ही बाब लक्षात येण्याआधीच आजोबा नातीला घेऊन स्थानकावर पोहोचलेले असू शकतात. यासाठी विशिष्ट मूल आणि विशिष्ट मोठी व्यक्ती यांच्या नावाने निघणारे सहप्रवासाचे वेगळे वार्षिक कार्ड आहे, ते घ्यावे. भारतातून पाहुणे म्हणून येणाऱ्यांसाठी ‘स्विस ट्रॅव्हल पास’ असतो. तो स्वित्झर्लंडबाहेर राहणाऱ्यांनाच मिळतो. तीन, चार, सहा, आठ आणि पंधरा दिवसांचा असतो. आणि त्यात रेल्वे, बस व बोटींबरोबर पाचशेहून अधिक संग्रहालयांचा प्रवेशही येतो. या पासासोबत मुलांसाठी जे कुटुंब-कार्ड विनामूल्य मिळते, त्यालाही आई किंवा वडील सोबत असण्याची अट आहे. नाशिकहून आजी-आजोबा एखाद्या नातवाला बरोबर आणणार असतील, तर तिकिटे काढण्यापूर्वी या अटीचा विचार करावा.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे कुटुंबांसाठी राखलेल्या डब्याकडे येते. झुरिक–बर्न यांसारख्या मोठ्या मार्गांवर धावणाऱ्या कित्येक दुमजली इंटरसिटी गाड्यांच्या एका टोकाच्या डब्यात, वरच्या मजल्यावर, मुलांसाठी खेळण्याची जागा केलेली असते. तिथे जंगलाच्या कल्पनेवर रचलेली छोटी घसरगुंडी आणि चढण्या-उतरण्याची साधने असतात, आणि आई-वडिलांना मुलांवर लक्ष ठेवता येईल अशा जागा शेजारीच असतात. इतर काही गाड्यांत एवढी सोय नसली, तरी डब्याचा एक भाग कुटुंबांसाठी राखलेला असतो आणि तिथल्या टेबलांवरच पटावरचे खेळ छापलेले असतात. रेल्वेच्या ॲपमध्ये गाडीची रचना दिसते, त्यावरून हा डबा फलाटाच्या कोणत्या विभागासमोर येणार हे आधीच कळते. देशांतर्गत गाड्यांना सहसा आरक्षण लागत नसल्यामुळे योग्य विभागासमोर उभे राहणे एवढेच आपल्या हाती असते.

या डब्याचे खरे मोल घसरगुंडीत नाही. परक्या देशात नुकत्याच आलेल्या आईला सार्वजनिक ठिकाणी मूल रडू लागले की सर्वांच्या नजरा आपल्यावर आहेत असे वाटते. तिथला डबा शांत असतो, माणसे हळू आवाजात बोलतात, भाषा आपल्याला येत नसते. अशा वेळी मुलाला सारखे ‘शू, शू’ करत गप्प बसवण्यात सगळा प्रवास जातो आणि ठिकाणावर पोहोचेपर्यंत आई आणि मूल दोघेही शिणून जातात. आपल्याकडच्या डब्यात रडणाऱ्या मुलाला समोरच्या बाकावरच्या मावशी बिस्किट देतात, खिडकी दाखवतात, कोणीतरी आजोबा त्याला चुटक्या वाजवून हसवतात. तो आधार तिथे नाही, आणि त्याची उणीव मला पहिल्या वर्षी फार जाणवली. कुटुंबाच्या डब्याने ती उणीव वेगळ्या रीतीने भरून काढली. तिथे मुलाने आवाज करणे गृहीतच धरलेले असते, त्यामुळे कोणाची क्षमा मागावी लागत नाही. शेजारी बसलेल्या दुसऱ्या आईशी दोन तुटक वाक्ये बोलली जातात आणि आपली मुले भाषेशिवायच एकत्र खेळू लागतात. आमच्या मुलीने बालवाडीत जाण्यापूर्वी जर्मनचे पहिले शब्द याच डब्यात उचलले. भाड्यातील सवलतीपेक्षाही ही सोय मी वरची मानते.

बाबागाडीसह चढणे-उतरणे हा आणखी एक मोठा विषय आहे. नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस पकडताना एका हातात मूल, दुसऱ्या हातात पिशवी आणि गाडी थांबणार मोजकी मिनिटे, ही घाई ज्यांनी अनुभवली आहे त्यांना झुरिकच्या लोकल गाड्यांचा सखल दरवाजा पाहून फार बरे वाटेल. अनेक स्थानकांवर फलाट आणि डब्याची जमीन जवळजवळ समपातळीवर असल्यामुळे बाबागाडी उचलावी लागत नाही, ती सरळ आत ढकलता येते, आणि तिच्यासाठी दरवाजाजवळ मोकळी जागा सोडलेली असते. दुमजली गाडीत मात्र खेळण्याची जागा वर आहे आणि जिना अरुंद आहे, त्यामुळे बाबागाडी खालीच ठेवावी लागते. झोपलेले मूल बाबागाडीत असेल तर आई खाली आणि मोठे भावंड वडिलांसोबत वर, अशी विभागणी करावी लागते. एकटीने दोन मुलांना घेऊन प्रवास करणाऱ्या आईला ही रचना सोयीची नाही. घडी करता येणारी हलकी बाबागाडी हा यावरचा उत्तम उपाय आहे, आणि ती नाशिकहून नेली तरी चालते. आपल्या रेल्वेनेही २०२२ साली लखनौ मेलमध्ये खालच्या बर्थला जोडलेल्या बाळाच्या छोट्या बर्थचा प्रयोग केला होता; ही दिशा योग्य आहे आणि ती पुढे जायला हवी, असे मला मनापासून वाटते.

वेळापत्रकाचा लाभ सर्वांत उशिरा लक्षात येतो. स्वित्झर्लंडने १९८२ साली देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडण्याची पद्धत स्वीकारली. त्यामुळे दर तासाला, मोठ्या मार्गांवर दर अर्ध्या तासाला, त्याच मिनिटाला गाडी सुटते आणि जोडगाडीही तशीच जुळवलेली असते. लहान मुलांच्या घरात निघायच्या क्षणी कोणाला शू येते, कोणाचा बूट सापडत नाही, कोणाला ऐन वेळी भूक लागते, हे ठरलेलेच असते. वर्षानुवर्षे पंचवटीच्या पासावर मुंबईला ये-जा केलेले माझे सासरे उन्हाळ्यात आमच्याकडे आले, तेव्हा पहिल्या आठवड्यात ते पहाटेच तयार होऊन दारात उभे राहत. काही दिवसांनी तेच म्हणू लागले, “अगं, धावपळ करू नकोस, त्याला नीट जेवू दे, ही गेली तर अर्ध्या तासाने दुसरी आहेच.” प्रवासात मुलांवर ओरडण्याचे प्रसंग यामुळे खरोखरच कमी झाले.

सहलींपैकी लहान मुलांसाठी मी पहिली सुचवेन ती झुरिकजवळच्या युटलिबेर्ग टेकडीची. झुरिकच्या मुख्य स्थानकातून एस-१० ही लोकल थेट टेकडीवर जाते. वरून फेल्सेनेगपर्यंत धारेवरून चालत जाणारी ‘ग्रहांची वाट’ आहे. तिथे सूर्यमाला एक मीटरला दहा लाख किलोमीटर या प्रमाणात मांडलेली आहे, त्यामुळे सूर्यापासून दीडशे मीटर चालल्यावर सव्वा सेंटिमीटरची पृथ्वी भेटते आणि पुढच्या ग्रहांसाठी मुलांना चालत राहावेसे वाटते. मोठ्यांना साधारण दोन तास लागतात, मुलांसह त्याहून बरेच अधिक. फेल्सेनेगहून हवाई पाळण्याने आडलिसविलला उतरून एस-४ ने घरी परतता येते. दुसरी सहल ब्राउनवाल्डची. एस-२५ ही लोकल लिंथालकडे नेते, तिथून दोरखंडाने ओढली जाणारी रेल्वे डोंगरावर चढते, आणि वर सुमारे १२५० मीटर उंचीवर मोटारींना बंदी असलेले गाव आहे. तिथल्या बार्टली नावाच्या, गोष्टीतल्या बुटक्याच्या वाटेवर गुहा आणि त्याची घरे शोधत मुले स्वतःहून चढण चढतात. मुलांचा हात न धरता रस्त्याने चालता येणे म्हणजे काय, हे मला ब्राउनवाल्डमध्ये कळले. बर्नच्या गुर्टेन टेकडीचे मोठे मैदान आणि मुलांची छोटी आगगाडीही चांगली आहे, परंतु सुटीच्या दिवशी तिथे गर्दी फार होते.

खाण्यापिण्याविषयी थोडक्यात सांगते. तिथल्या उपाहारगृहात चौघांचे साधे जेवण नाशिकच्या हिशेबाने फारच महाग पडते, म्हणून डबा न्यावा. रेल्वेत स्वतःचे पदार्थ खाण्यास मनाई नाही. दशम्या, थालीपीठ, कोरडा चिवडा आणि दहीभात उत्तम टिकतात, मात्र ठसका आणणारी लसणाची चटणी गाडीच्या बंद डब्यात उघडू नये, एवढे भान राखावे. पाणी विकत घेऊ नये. एकट्या झुरिक शहरात बाराशेहून अधिक कारंजी आहेत आणि पिण्यास मनाई असल्याची पाटी नसेल तर त्यांचे पाणी निर्धास्त प्यावे. डोंगरवाटांवर बऱ्याच ठिकाणी शेकोटीच्या जागा बांधलेल्या असतात आणि कधी लाकूडही ठेवलेले असते. तिथे मक्याची कणसे भाजून लिंबू-मीठ लावले की मुलांना दुसरे काही लागत नाही. रविवारी गावातील दुकाने बंद असतात, परंतु मोठ्या रेल्वे स्थानकांतील दुकाने उघडी असल्यामुळे दूध, केळी, लंगोट तिथे मिळतात. स्थानकांवरील स्वच्छतागृहांना बहुतेक ठिकाणी पैसे पडतात आणि सुटी नाणी लागू शकतात, म्हणून मुलांना गाडीतच जाऊन येऊ द्यावे.

या सेवेच्या मर्यादाही आहेत. सकाळी आणि सायंकाळी कामाच्या वेळी लोकल गाड्या गच्च भरतात, तेव्हा बाबागाडी घेऊन निघू नये. उंच पर्वतांवरील काही प्रसिद्ध रेल्वे सवलतीनंतरही महाग राहतात, आणि तीन वर्षांच्या मुलाला युंगफ्राउयोख या बर्फाळ खिंडीतल्या स्थानकाची उंची आणि ब्राउनवाल्डची टेकडी यांतला फरक कळत नाही, म्हणून तो खर्च मुले मोठी होईपर्यंत थांबवावा असे माझे स्पष्ट मत आहे. नोव्हेंबरात डोंगरावरील अनेक पाळणे आणि दोररेल्वे देखभालीसाठी बंद असतात. आजी-आजोबांना बोलवायचे असल्यास जून ते सप्टेंबर हा काळ निवडावा.

मोटार खरोखरच लागते ती मोठे सामान आणायचे असेल, रात्री उशिरा परतायचे असेल किंवा एखाद्या आडगावी जायचे असेल तेव्हा. त्यासाठी ‘मोबिलिटी’ या सहकारी संस्थेच्या लाल मोटारी बहुतेक मोठ्या स्थानकांजवळ उभ्या असतात आणि त्या तासांच्या हिशेबाने घेता येतात. बारा वर्षे वयापर्यंत किंवा दीड मीटर उंचीपर्यंत मुलांना मान्यताप्राप्त खुर्चीत बसवणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून मुलांच्या वयाप्रमाणे एक-एक खुर्ची तिथे पोहोचताच विकत घेऊन ठेवावी.